इंग्रजी क्रियाविशेषण: जागा चुकली की अर्थ चुकतो

शिफारसपत्रात एखाद्या शिक्षकाने 'ही वर्क्स हार्ड' असं लिहिलं, तर मुलाला नोकरी मिळायला मदत होते. त्यानेच 'ही हार्डली वर्क्स' असं लिहिलं, तर वाचणारा ते पत्र बाजूला सारतो, कारण त्याचा अर्थ 'हा मुलगा काम जेमतेमच करतो' असा होतो. शिक्षकाच्या मनात दोन्ही वेळा एकच गोष्ट असते: मुलगा कष्टाळू आहे. 'ली' हे एक अक्षर जास्तीचं लागलं आणि कौतुकाची तक्रार झाली.

क्रियापदाचे काळ, आर्टिकल, प्रीपोझिशन यांवर आपल्या शाळांत भरपूर वेळ जातो. क्रियाविशेषणाच्या, म्हणजे ॲडव्हर्बच्या, वाट्याला एक व्याख्या, चार-पाच प्रकार आणि 'विशेषणाला ली लावा' ही सूचना, एवढंच येतं. परीक्षेपुरतं ते भागतं. पुढे ऑफिसात, मुलाखतीत, ई-मेलमध्ये मात्र अडायला होतं. वाक्यातला प्रत्येक शब्द बरोबर असतो, काळही बरोबर असतो, तरी ऐकणाऱ्याला काहीतरी खटकतं. अशा वेळी शोधायला गेलं, तर पुष्कळदा एखादं क्रियाविशेषणच सापडतं.

याचं कारण दोन भाषांच्या घडणीत आहे. मराठीत शब्दाचं काम त्याच्या प्रत्ययावरून आणि त्याला चिकटलेल्या 'च', 'ही', 'सुद्धा' यांवरून कळतं. जुन्या इंग्रजीलाही विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजून गेले आणि त्यांचं बरंचसं काम शब्दांच्या क्रमाने उचललं. त्यामुळे इंग्रजी क्रियाविशेषण शिकायचं म्हणजे मुख्यतः त्याची जागा शिकायची. या प्रकरणात इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचावीत, कारण जागेची सवय डोळ्यांआधी कानाला लागते.

'चांगली गाते' आणि 'सिंग्ज वेल'

'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते', 'मुलं चांगली गातात'. या तिन्ही वाक्यांत 'चांगलं' हा शब्द गाण्याच्या क्रियेबद्दल सांगतो, म्हणजे काम क्रियाविशेषणाचं करतो. पण रूप मात्र विशेषणाचं घेतो आणि कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो. म्हणून आपले व्याकरणकार दोन गट करतात. 'चांगला', 'चांगली' असे बदलणारे शब्द ही नुसती क्रियाविशेषणं, आणि 'हळू', 'पटकन', 'सावकाश' असे न बदलणारे शब्द ही क्रियाविशेषण अव्ययं. 'ती चांगलं गाते' असंही आपण म्हणतो. त्यातलं नपुंसकलिंगी एकवचन संस्कृतच्या 'शीघ्रं गच्छति'ची आठवण करून देतं. संस्कृतातही क्रियेचं विशेषण नपुंसकलिंगी एकवचनातच येतं.

आता इंग्रजी बघा. तिथे विशेषण लिंगवचनाने मुळीच बदलत नाही. 'गुड बॉय', 'गुड गर्ल', 'गुड चिल्ड्रन', सगळीकडे 'गुड'च. पण नामाबद्दल बोलायचं सोडून क्रियेबद्दल बोलायला लागलात, की शब्दच बदलतो: 'शी सिंग्ज वेल'. मराठी मनाला इथे काही बदलायची गरज वाटत नाही, कारण त्याच्यासाठी 'चांगली मुलगी' आणि 'चांगली गाते' यांतला शब्द एकच आहे. म्हणून तोंडातून 'शी सिंग्ज गुड' निघून जातं. हिंदी भाषकांचीही हीच अडचण होते, कारण त्यांच्याकडेही 'अच्छा लड़का' आणि 'अच्छा गाता है' यांत शब्द एकच असतो.

उपाय सोपा आहे. वाक्य लिहिल्यावर विचारावं: हा शब्द माणसाबद्दल किंवा वस्तूबद्दल सांगतो, की ती क्रिया कशी झाली याबद्दल? 'शी इज अ केअरफुल ड्रायव्हर' हे बाईंबद्दल आहे. 'शी ड्राइव्ह्ज केअरफुली' हे त्यांच्या गाडी चालवण्याबद्दल आहे.

मात्र हा नियम पाठ झाला, की काही जण उलट्या बाजूने घसरतात. 'द टी स्मेल्स नाइसली', 'यू लुक ब्यूटिफुली' अशी वाक्यं ऐकू येतात. लुक, स्मेल, टेस्ट, साउंड, फील, सीम, बिकम ही क्रियापदं कर्त्याचा गुण सांगतात, म्हणून त्यांच्यापुढे विशेषणच हवं: 'द टी स्मेल्स नाइस', 'यू लुक ब्यूटिफुल'. शंका आली तर क्रियापदाच्या जागी 'इज' किंवा 'आर' घालून बघावं. 'द टी इज नाइस' हे वाक्य जमतं, तेव्हा विशेषण बरोबर. 'शी ड्राइव्ह्ज केअरफुली'मध्ये 'इज' घातलं तर गाडी चालवणंच गायब होतं, म्हणजे तिथे क्रियाविशेषण हवं.

'ली' आला कुठून?

'क्विक'चं 'क्विकली', 'स्लो'चं 'स्लोली'. मग 'फास्ट'चं 'फास्टली' का होत नाही? याचं उत्तर हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आहे.

त्या काळी विशेषणाचं क्रियाविशेषण करायचे दोन मार्ग होते. एक म्हणजे शब्दाच्या शेवटी हलका 'ए' लावणं. 'कठीण' या अर्थाचा 'हर्ड'सारखा शब्द होता, त्याला 'ए' लावला की 'जोराने, कष्टाने' असा अर्थ व्हायचा. दुसरा मार्ग 'लीक' हा प्रत्यय लावून पुढे तोच 'ए' जोडण्याचा. या 'लीक'चा मूळ अर्थ शरीर किंवा रूप, आणि आजचा 'लाइक' म्हणजे 'सारखा' हा शब्दही त्याच मुळाचा. मध्ययुग संपेपर्यंत शेवटचा 'ए' उच्चारातून गळून पडला. पहिल्या मार्गाने झालेली क्रियाविशेषणं त्यामुळे दिसायला विशेषणांसारखीच झाली: हार्ड, फास्ट, लेट. दुसऱ्या मार्गाचा प्रत्यय झिजून 'ली' झाला आणि तोच पुढे सर्रास वापरात आला.

म्हणजे 'ही रन्स फास्ट'मधलं 'फास्ट' हे पुरतं क्रियाविशेषण आहे, त्याची खूण फक्त पुसली गेली आहे. असे बिनखुणेचे शब्द आजही भांडणाला विषय पुरवतात. ॲपल कंपनीने 1997 साली 'थिंक डिफरंट' ही जाहिरात आणली, तेव्हा 'डिफरंटली' हवं होतं असं म्हणणारे पुष्कळ निघाले.

याच इतिहासामुळे 'ली' असलेला प्रत्येक शब्द क्रियाविशेषण नसतो. फ्रेंडली, लव्हली, लोनली, एल्डर्ली, कॉवर्डली ही सगळी विशेषणं आहेत. 'ही स्पोक फ्रेंडली' चालत नाही. 'ही स्पोक इन अ फ्रेंडली वे' असं म्हणावं लागतं.

आणि खरी काळजी घ्यायची ती जोड्यांची. काही शब्दांची बिन-'ली' आणि 'ली'ची अशी दोन्ही रूपं टिकली, पण त्यांचे अर्थ फुटून वेगळे झाले. 'हार्डली'चा अर्थ आधी 'जोराने' होता, मग 'मुश्किलीने' झाला आणि शेवटी 'जेमतेम, जवळजवळ नाहीच' यावर येऊन थांबला. 'ही केम लेट' म्हणजे तो उशिरा आला, 'आय हॅवन्ट सीन हिम लेटली' म्हणजे तो अलीकडे दिसला नाही. 'कम निअर' म्हणजे जवळ ये, 'ही निअरली फेल' म्हणजे तो पडता पडता वाचला. 'द काइट फ्ल्यू हाय' हे पतंगाच्या उंचीबद्दल आहे, 'हायली क्वालिफाइड' हे पात्रतेच्या दर्जाबद्दल. या चार जोड्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात. शिफारसपत्रातला घोटाळा तिथेच टळतो.

आरशातलं वाक्य

आता जागेकडे वळू. एक साधं मराठी वाक्य घ्या:

'ती काल सभेत छान बोलली.'

क्रम असा आहे: कधी, कुठे, कसं, आणि शेवटी क्रियापद. आता याचं इंग्रजी: 'शी स्पोक वेल ॲट द मीटिंग येस्टरडे'. इथे क्रम क्रियापद, कसं, कुठे, कधी असा झाला. कर्ता जागेवर ठेवून बाकीचं वाक्य आरशात धरल्यासारखं उलटं झालं आहे. मराठीत जे क्रियापदाला सर्वांत जवळ असतं, तेच इंग्रजीतही जवळ राहतं. फक्त मराठी त्याला क्रियापदाच्या आधी ठेवते आणि इंग्रजी नंतर.

हा आरसा वाक्याच्या आतल्या तुकड्यांनाही लागू पडतो. 'सोमवारी संध्याकाळी सात वाजता' असं आपण मोठ्याकडून लहानाकडे सांगतो. इंग्रजी लहानाकडून मोठ्याकडे जाते: 'ॲट सेव्हन इन द इव्हनिंग ऑन मंडे'. 'कोल्हापूरला महाद्वार रोडवर एका दुकानात' याचं इंग्रजी 'इन अ शॉप ऑन महाद्वार रोड इन कोल्हापूर' असं होतं. 'वर', 'ला', 'त' हे आपल्याकडे नामाच्या मागून येतात, 'इन', 'ऑन', 'ॲट' नामाच्या पुढे उभे राहतात. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांत असे शब्द बहुतेक करून नामानंतरच येतात, ही गोष्ट जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1963 सालच्या आपल्या निबंधात 30 भाषा तपासून मांडली होती.

'कसं, कुठे, कधी' या क्रमाला एक अपवाद रोज लागतो. जाणं-येणं सांगणाऱ्या क्रियापदांनंतर ठिकाण पुढे सरकतं आणि प्रकार मागे पडतो: 'ही वेंट टू नाशिक बाय बस येस्टरडे'. 'जाणं' म्हटलं की 'कुठे' हा प्रश्न आधी येतो, म्हणून ठिकाण क्रियापदाला चिकटतं. काळ मात्र शेवटीच राहतो. काळावर भर द्यायचा असेल, तर तो वाक्याच्या अगदी आरंभी न्यावा: 'येस्टरडे ही वेंट टू नाशिक'. मधे कोंबलेला काळ, म्हणजे 'ही येस्टरडे वेंट टू नाशिक', हा थेट मराठी क्रम आहे आणि तो कानाला लगेच खटकतो.

दुसरी एक रेघ तर पक्की आखून ठेवावी. इंग्रजीत साध्या वाक्यात क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मधे क्रियाविशेषण घुसवायचं नाही. 'मला आंबे फार आवडतात' यात 'फार' हा शब्द 'आवडतात'ला चिकटून येतो, म्हणून आपण 'आय लाइक व्हेरी मच मँगोज' म्हणतो. हवं असतं 'आय लाइक मँगोज व्हेरी मच'. तसंच 'शी स्पीक्स फ्लुअंटली इंग्लिश' नव्हे, 'शी स्पीक्स इंग्लिश फ्लुअंटली'.

नेहमी, कधीकधी आणि कधीच नाही

'किती वेळा' हे सांगणाऱ्या शब्दांना इंग्रजीने वाक्याच्या मध्यावर जागा राखून ठेवली आहे. ऑलवेज, युज्वली, ऑफन, सेल्डम, नेव्हर हे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी बसतात: 'आय ऑलवेज ड्रिंक टी ॲट फोर'. क्रियापद 'ॲम, इज, आर, वॉज, वेअर' यांपैकी असेल, तर त्याच्यानंतर: 'शी इज ऑलवेज लेट'. सहायक क्रियापदं असतील, तर पहिल्या सहायक क्रियापदानंतर: 'ही हॅज ऑलवेज बीन हेल्पफुल'. 'समटाइम्स' आणि 'युज्वली' वाक्याच्या सुरुवातीलाही चालतात. 'एव्हरी डे', 'ऑन संडेज', 'ट्वाइस अ वीक' अशी शब्दसमूहाची वारंवारिता मात्र शेवटी किंवा सुरुवातीला जाते, मधे नाही.

इथेच नकाराचा सापळा आहे. मराठीत 'कधीच' एकटं पुरत नाही, त्याला 'नाही'ची जोड लागते: 'मी कधीच खोटं बोलत नाही.' हिंदीतही 'कभी' आणि 'नहीं' जोडीने येतात. इंग्रजी 'नेव्हर'च्या पोटात नकार आधीच आहे. 'आय नेव्हर डोन्ट लाय' असं म्हटलं, तर दोन नकार एकमेकांना खोडून टाकतात. बरोबर वाक्य 'आय नेव्हर लाय'. 'हार्डली', 'सेल्डम', 'रेअरली' यांच्याही पोटात नकार आहे. त्यांच्या सोबत 'नॉट' घालू नये.

होकारातला 'ही' आणि नकारातला 'ही' यांतही असाच फरक आहे. 'मलाही हवं' याला 'आय वाँट इट टू'. 'मलाही नको' याला 'आय डोन्ट वाँट इट आयदर'. आपण दोन्हीकडे 'ऑल्सो' वापरतो, कारण मराठीत 'ही' तोच राहतो. इंग्रजीला नकारी वाक्यात 'आयदर' लागतं.

'व्हेरी' आणि 'टू' यांच्याबाबतही जपावं. 'व्हेरी' फक्त प्रमाण सांगतं. 'टू'मध्ये 'हवं त्याहून जास्त' ही तक्रार असते. 'द टी इज व्हेरी हॉट' म्हणजे चहा खूप गरम आहे. 'द टी इज टू हॉट' म्हणजे पिववत नाही इतका गरम आहे. साहेबांची स्तुती करताना 'सर इज टू स्ट्रिक्ट' असं लिहिलं, तर ती स्तुती राहत नाही.

'च' आणि 'ओन्ली'

मराठीतला 'च' हा फार कष्टाळू शब्द आहे. 'शारदाने मला दोन पुस्तकं दिली' हे वाक्य घ्या आणि 'च' फिरवत जा. 'शारदानेच मला दोन पुस्तकं दिली', म्हणजे दुसऱ्या कोणी नाही. 'शारदाने मलाच दोन पुस्तकं दिली', म्हणजे इतर कोणाला नाही. 'शारदाने मला दोनच पुस्तकं दिली', म्हणजे तिसरं नाही. शब्दांचा क्रम तोच राहिला, 'च' मात्र हव्या त्या शब्दाला चिकटला.

इंग्रजीत 'ओन्ली' चिकटू शकत नाही. त्याला ज्या शब्दावर मर्यादा घालायची, त्याच्या अगदी आधी जाऊन उभं राहावं लागतं. 'ओन्ली शारदा गेव्ह मी टू बुक्स', 'शारदा गेव्ह ओन्ली मी टू बुक्स', 'शारदा गेव्ह मी ओन्ली टू बुक्स'. बोलताना इंग्रज 'ओन्ली' बऱ्याचदा क्रियापदाआधी ठेवतात आणि आवाजाच्या जोरावर अर्थ पोचवतात. कागदावर आवाज नसतो. करारात, अर्जात, औषधाच्या सूचनेत 'ओन्ली' नेमका जागेवरच हवा. औषध फक्त जेवणानंतर घ्यायचं आणि जेवणानंतर फक्त हे औषध घ्यायचं, या दोन वेगळ्या सूचना आहेत.

मात्र 'च' दरवेळी मर्यादा घालत नाही. कधी तो नुसता जोर देतो, आणि तिथे 'ओन्ली' किंवा 'इटसेल्फ' लावलं की भारतीय इंग्रजीचा ओळखीचा नमुना तयार होतो: 'ही इज लाइक दॅट ओन्ली', 'आय वॉज देअर ओन्ली', 'कम टुडे इटसेल्फ'. हिंदीतल्या 'ही'मुळे उत्तर भारतातही हीच वाक्यं घडतात. आपसात ती कळतात आणि त्यांत आपलेपणाही आहे. परदेशी ग्राहकाशी बोलताना मात्र तोच भर इंग्रजीच्या पद्धतीने द्यावा. 'मी तिथेच होतो' याला 'आय वॉज राइट देअर'. 'तो असाच आहे' याला 'दॅट्स जस्ट द वे ही इज'. 'शारदानेच सांगितलं' याला 'इट वॉज शारदा हू टोल्ड मी'. 'मी गेलोच नाही' याला 'आय डिडन्ट गो ॲट ऑल'. एकाच 'च'साठी चार वेगळ्या सोयी आहेत. 'च' दिसला की आधी विचारावं, इथे मर्यादा आहे की जोर? मर्यादा असेल तर 'ओन्ली', जोर असेल तर बाकीच्यांपैकी एक.

अजून, परत, आधी

काही मराठी क्रियाविशेषणं एकटीच दोन-तीन इंग्रजी शब्दांचं काम करतात. त्यांच्या जागी नेहमी एकच इंग्रजी शब्द वापरायची सवय लागली की वाक्य बिघडतं.

'अजून' घ्या. 'तो अजून इथेच आहे', म्हणजे चालू असलेली गोष्ट संपलेली नाही. इंग्रजी 'स्टिल': 'ही इज स्टिल हिअर'. 'तो अजून आला नाही', म्हणजे अपेक्षित गोष्ट घडलेली नाही. इंग्रजी 'यट', आणि जागा वाक्याच्या शेवटी: 'ही हॅजन्ट कम यट'. 'अजून भात वाढ', म्हणजे आहे त्यात भर. इंग्रजी 'सम मोअर राइस'. यांपैकी कुठलं वापरायचं हे मराठी वाक्यातच दिसतं. 'अजून' आणि 'नाही' जोडीने आले की 'यट', 'अजून' आणि 'आहे' आले की 'स्टिल', आणि मोजता येईल किंवा वाढता येईल असं काही पुढे आलं की 'मोअर'.

'परत'चे दोन अर्थ आहेत. 'परत सांगा' म्हणजे पुन्हा, 'अगेन'. 'तो परत आला' म्हणजे माघारी, 'बॅक'. 'ही केम अगेन' म्हटलं तर तो दुसऱ्यांदा येऊन गेला असा अर्थ निघतो. गंमत म्हणजे 'रिटर्न' आणि 'रिपीट' या शब्दांत 'परत' आधीच आहे. 'रिटर्न बॅक' आणि 'रिपीट अगेन' ही दोन्ही रूपं म्हणून टाळावीत.

'आधी' मध्येही दोन वाटा फुटतात. आत्तापासून मागे मोजायचं असेल तर 'अगो': 'दोन वर्षांआधी मी पुण्यात आलो' याला 'आय केम टू पुणे टू इयर्स अगो'. गतकाळातल्या एखाद्या क्षणापासून मागे मोजायचं असेल तर 'बिफोर' किंवा 'अर्लिअर'. 'टू इयर्स बिफोर आय केम टू पुणे' हे म्हटलं, तर ऐकणारा 'पुण्यात यायच्या दोन वर्षं आधी काय झालं?' याची वाट बघत बसतो.

काळाच्या बाबतीत आपल्याला एक फायदाही आहे. हिंदीतलं 'कल' काल आणि उद्या दोन्ही सांगतं, मराठीने ते वेगळे ठेवले आहेत. पण 'परवा' मात्र आपल्याकडेही दोन्ही बाजूंना चालतं. इंग्रजीत त्यासाठी एक शब्द नाही. मागचा परवा 'द डे बिफोर येस्टरडे', पुढचा परवा 'द डे आफ्टर टुमॉरो'.

ढसाढसा रडणं

मराठीची खरी श्रीमंती रीतिवाचक क्रियाविशेषणांत आहे. धाडकन, खुदकन, टपकन, गटागटा, ढसाढसा, लगबगीने, मुकाट्याने. आवाज, वेग, आकार, मनाची अवस्था, सगळं त्यांत येतं. हे इंग्रजीत नेताना 'ली'चे शब्द शोधत बसलं की हाताला काही लागत नाही. 'ढसाढसा'ला 'लाउडली' म्हणावं, तर रडण्यातलं दुःख निसटतं.

इंग्रजी ही माहिती पुष्कळदा क्रियापदातच ठेवते. ढसाढसा रडणं म्हणजे 'सॉब', मुसमुसून रडणं 'व्हिंपर', खुदकन हसणं 'गिगल', टक लावून पाहणं 'स्टेअर', हळूच डोकावणं 'पीप', गटागटा पिणं 'गल्प', लंगडत चालणं 'लिंप', पाय ओढत थकून चालणं 'ट्रज'. पाऊस रिमझिम पडला तर 'इट ड्रिझल्ड', धो धो कोसळला तर 'इट पोअर्ड'. मराठीत एक क्रियापद आणि दहा क्रियाविशेषणं, इंग्रजीत दहा क्रियापदं, असा हा हिशेब आहे. कादंबरीकार स्टीफन किंग यांनी 2000 साली आलेल्या 'ऑन रायटिंग' या पुस्तकात लेखकांना क्रियाविशेषणांपासून दूर राहायला बजावलं, त्यामागेही भाषेची ही ठेवण आहे. नेमकं क्रियापद सापडलं, की 'ली'ची गरज उरत नाही.

म्हणून मराठी माणसाने इंग्रजी शब्दसंग्रह वाढवताना क्रियापदांची वही करावी. डाव्या बाजूला 'क्रियाविशेषण अधिक क्रियापद' अशी मराठी जोडी, उजवीकडे एक इंग्रजी क्रियापद. वाचताना भेटेल तसं त्यात भर घालत जावं.

स्वल्पविराम आणि 'काइंडली'

काही क्रियाविशेषणं क्रियेबद्दल बोलतच नाहीत. ती सबंध वाक्याबद्दल बोलणाऱ्याचं मत सांगतात, आपल्या 'सुदैवाने', 'खरं तर' यांच्यासारखी. ती सुरुवातीला येतात आणि त्यांच्यापुढे स्वल्पविराम लागतो. 'ऑनेस्टली, आय टोल्ड हिम' म्हणजे 'खरंच सांगतो, मी त्याला सांगितलं होतं'. 'आय टोल्ड हिम ऑनेस्टली' म्हणजे 'मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं'. एक शब्द वाक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला आणि प्रामाणिकपणा कशाबद्दल आहे तेच बदललं.

अर्ज लिहिणाऱ्यांनी 'काइंडली'चं असंच भान ठेवावं. 'आय काइंडली रिक्वेस्ट यू' हे वाक्य आपल्या अर्जांत सर्रास दिसतं. 'काइंडली' म्हणजे दयाळूपणे. या जागी तो दयाळूपणा विनंती करणाऱ्याच्या पदरात पडतो, समोरच्याचा उरत नाही. आपल्याला तर समोरच्याच्या कृपेची विनंती करायची असते. म्हणून 'काइंडली' त्याच्या कृतीजवळ न्यावा: 'काइंडली सेंड मी द सर्टिफिकेट'. किंवा साधं 'प्लीज' लिहावं. ते कुठल्याही पत्रात शोभतं.

सराव

आजच्या वर्तमानपत्रातली एखादी स्थानिक बातमी घ्या. तिच्यातलं प्रत्येक क्रियाविशेषण अधोरेखित करा आणि प्रत्येकाखाली लिहा: कसं, कुठे, कधी, किती वेळा, की बोलणाऱ्याचं मत. मग वाक्यं इंग्रजीत करा. प्रत्येक वाक्याला चार प्रश्न विचारा. हा शब्द क्रियेबद्दल आहे की नामाबद्दल? क्रियापद आणि कर्म यांच्या मधे काही घुसलं आहे का? 'च' इथे मर्यादा घालतो की जोर देतो? आणि या जोडीऐवजी एकच नेमकं क्रियापद मिळेल का?

नंतर वाक्य मोठ्याने वाचा आणि क्रियाविशेषण मुद्दाम एका जागेवरून दुसरीकडे हलवून पुन्हा वाचा. 'ओन्ली', 'जस्ट', 'ऑलवेज', 'ऑनेस्टली' यांच्यावर हे करून बघा. दर वेळी अर्थ किती सरकला, तो कोणाकडे गेला, हे मराठीत एका ओळीत लिहा. ती ओळ लिहिता येऊ लागली, की जागेचा नियम पाठ करायची गरज पडत नाही. मग इंग्रजी बोलताना मनातला 'च', 'ही' आणि 'अजून' आपापली जागा शोधू लागतात.